गारठेबुवाचं आमंत्रण

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मला कुणालाही पटवायचं नाहीये. पण स्टेफाचे हात मी रोज बघते, आणि ते हात बघितल्यावर कुणी मला वेड्यात काढत नाही.

चार वर्षांपूर्वीची सहा जानेवारी. कॅनडातलं विनिपेग शहर, नॉर्थ एंड भाग, माझ्या धाकट्या भावाचं, मिरोनचं घर. जुन्या पंचांगाप्रमाणे आम्हा युक्रेनी लोकांची नाताळची पवित्र संध्याकाळ. आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं.

त्या वर्षी हिवाळा हिवाळ्यासारखा नव्हताच. आताशा असंच चाललंय. नदी गोठायला जानेवारी उजाडतो, नाताळात पाऊस पडतो. गल्लीत नुसता चिखल होता. लोक खुशीत, जाड कोट कपाटात. मिरोनची बायको स्टेफा नर्स आहे. तीही सकाळी पातळ जॅकेट घालून ड्यूटीला गेली होती.

घरात आम्ही तिघं होतो. मी, मिरोन आणि आमची आई. पाच वाजता स्टेफाचा मेसेज आला होता. बस चुकली, चालत येते.

आमच्यात एक रीत आहे. जेवणाआधी घरच्या कर्त्या पुरुषाने खसखस-मध घातलेल्या गव्हाच्या खिरीचा चमचा घेऊन दारात उभं राहायचं, आणि चक्क थंडीला जेवायला बोलवायचं. 'गारठेबुवा, या! खीर खायला या!' असं तीनदा. कुणी येत नाही. मग म्हणायचं, 'आज आला नाहीत, तर पुढेही येऊ नका. आमच्या पिकाला, आमच्या माणसांना शिवू नका.' आणि दार लावायचं.

बाबा गेल्यापासून आईने ही रीत बंद केली होती.

बाबा दारू पिऊन आईला मारायचे. पट्ट्याने, खुर्चीने, हाताला लागेल त्याने. मी लग्न होऊन सासरी गेले, त्याच हिवाळ्यात एकदा सोळा वर्षांच्या मिरोनने त्यांना याच घराबाहेर ढकललं आणि आतून कडी घातली. बाहेर उणे चाळीस.

बाबा दार ठोकत राहिले. आधी शिव्या देत, मग रडत, मग नुसतेच ठोकत. सकाळी ते पायरीवर सापडले. त्यांच्या मुठींची सालटी दाराला चिकटली होती.

त्याच दारात उभं राहून थंडीला बोलवायचं कसं?

पण त्या दिवशी मिरोनच्या पोटात दोन ग्लास गेले होते.

"आई, या वर्षी मी हाक मारणार."

"गप बस. नसते उद्योग नकोत."

"अगं, येणारे कोण? गारठेबुवा कधीच मेला! बाहेर बघ जरा, उद्या बेडूक ओरडायला लागतील."

त्याने दार उघडलं. "गारठेबुवा, या! खीर खायला या! की म्हातारपणात गुडघे धरलेत?" असं तीनदा ओरडला. मलाही हसू आलं.

पुढचं वाक्य तो बोललाच नाही. चमचा स्वतःच्याच तोंडात घातला आणि दार लावलं.

"मेल्या, 'येऊ नका' म्हण!" आई किंचाळली.

"जो येणारच नाही, त्याला काय नको म्हणायचं?"

आणि मग...

छपरावरून पाणी ठिबकत होतं, ते थांबलं.

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. आठवडाभर तो टपटप आवाज कानात बसला होता. तो बंद झाला, आणि घर एकदम मुकं झालं.

मग वारा आला. काचा बघता बघता पांढऱ्या झाल्या. भिंतींची लाकडं कडाकड वाजायला लागली. मी फोनवर तापमान बघितलं, तर आकडा माझ्या डोळ्यांदेखत खाली जात होता.

"स्टेफाला फोन लाव," मी म्हणाले.

लागेना.

"मी बघून येतो," म्हणत मिरोनने बूट चढवले, तेवढ्यात...

धाड.

दारावर कुणीतरी मूठ आपटली.

"आली बाई!" मी उठले.

धाड. धाड. धाड.

मिरोन जागचा हलला नाही. "तिच्याकडे किल्ली आहे, ताई."

"अरे, कुलूप ओलं होतं, बर्फ धरला असेल. आणि तू आतून कडी घातलीयस. सरक!"

तेवढ्यात बाहेरून आवाज आला...

"मिरोन. कडी काढ, डुकरा."

बाबांचा आवाज होता. घोगरा, दारूने जड झालेला.

पण स्टेफा बाहेर होती! पातळ जॅकेटवर! मी कडीला हात घातला, तर मिरोनने कोपर फिरवलं. माझा ओठ फाटला, दात हलला, तोंडात रक्त आलं.

"ती मरेल रे बाहेर!"

"ती नाहीये! तो आहे! मला न्यायला आलाय!"

मी पुन्हा धावले. त्याने माझे केस धरले आणि मला टेबलावर भिरकावलं. ताटं फुटली. मग तो वळला आणि आतून दारावर मुठी आपटायला लागला. त्याच शिव्या, तोच घोगरा आवाज. बाहेरून धाड, आतून धाड. कोण कुठल्या बाजूला आहे, तेच मला कळेना.

आई कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत होती.

"अगदी बापावर गेलास," ती म्हणाली.

तिने खिरीचं भांडं उचललं. दाराशी गेली, आणि फळीला तोंड लावून बाबांना त्यांच्या नावाने हाक मारली.

"हारासिम. आलास, बघितलंस. आता जा. पुढे येऊ नकोस. माझ्या माणसांना शिवू नकोस."

ठोकणं थांबलं.

"हो बाजूला," ती मिरोनला म्हणाली. तो भिंतीला टेकून खाली बसला. दार चौकटीला गोठून चिकटलं होतं. मी कडी काढली, लाथा घालून बर्फ फोडला आणि दार ओढून उघडलं.

स्टेफा पायरीवर गुडघे टेकून होती. श्वास चालू होता. दोन्ही मुठींचा चेंदामेंदा झालेला, आणि रक्त दारावर गोठलेलं.

ती जगली. सहा बोटं गेली. दोन्ही मनगटांवर निळे वळ होते, मोठ्या पुरुषी पंजाचे. डॉक्टर म्हणाले, थंडीने असं होतं.

शुद्धीवर आल्यावर ती मला म्हणाली, "ताई, मी एकदाच ठोकलं हो. मग मागून कुणीतरी माझी मनगटं धरली. पुढचं सगळं त्याने ठोकलं... माझ्या हातांनी. हाडं मोडली तरी थांबेना. मी मिरोनला हाका मारत होते."

"आम्हाला तुझा आवाज ऐकूच आला नाही गं."

तिने मिरोनकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

पुढच्या वर्षीपासून आम्ही पवित्र संध्याकाळी दार सताड उघडं ठेवायला लागलो. अंगात कोट घालून जेवायचं, पण दार लावायचं नाही. दोन वर्षं काही झालं नाही.

गेल्या वर्षी जेवताना...

धाड.

दारात कुणीच नव्हतं. आवाज टेबलातून येत होता. स्टेफाचे हात टेबलावर आपटत होते. "थांबवा ना," ती रडत म्हणत होती. "मी नाही करत हो, कुणीतरी थांबवा."

मिरोनने तिची मनगटं धरली.

ते वळ अजून गेलेले नाहीत. मिरोनची बोटं त्यांच्यावर बरोब्बर बसली. हात थांबले, पण त्याने पकड सोडली नाही. स्टेफा किंचाळत होती, आणि तो दाबतच गेला. मी आणि आईने मिळून त्याला सोडवलं.

स्टेफा आता माझ्याकडे राहते. याही वर्षी नाताळात पाऊस पडला, आणि काल अचानक कडाक्याची थंडी सुटली. मिरोन हल्ली रोज संध्याकाळी येतो. दार ठोकतो, माफी मागतो, रडतो.

मी उघडत नाही. तो माझा भाऊ आहे, माझा जीव तुटतो. पण बाहेर जो रडतोय तो मिरोनच आहे, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आत्ताही तो बाहेर उभा आहे.