इतवारीचा सत्ताविसावा डास

"मॅडम, एक डास कमी हाय," प्रयोगशाळेतून दिपालीचा फोन आला.

देवकी मेश्रामने लगेच प्रयोगशाळेची दारं बंद केली. सुरक्षेची जबाबदारी तिचीच होती. मग अंगभर पोशाख चढवून ती स्वतः आत गेली. डास सापडेपर्यंत आता तिलाही बाहेर पडता येणार नव्हतं.

इतवारीच्या वस्तीत पकडलेल्या चाळीस डासांना दोन आठवड्यांपूर्वी नवा विषाणू मिसळलेलं रक्त पाजलं होतं. इथले डास तो पसरवू शकतात का, ते पाहायचं होतं. काल दिपालीने एकेकाचे पंख-पाय तोडून लाळ काढली होती. पाय, धड आणि लाळ वेगवेगळ्या नळ्यांत ठेवून त्यांवर क्रमांक घातले होते. आज सत्ताविसाव्याचं धडही नव्हतं, लाळही नव्हती.

पंख तोडण्याआधीच तो दिपालीच्या हातून उडाला असणार, असं आतच अडकलेले प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. मार्तंड सांगत होते.

"मी काहून खोटं बोलू? चाळीसही डासांचे पंख तोडले मी," दिपाली म्हणाली.

तीन तास गेले. दमट खोलीत जीव गुदमरत होता. दिपाली छत, कोपरे, खुर्च्यांखालची जागा पुन्हा पुन्हा पाहत होती. मार्तंड हातमोजे काढून, बाह्या दुमडून बसले होते.

देवकीने विचारल्यावर कळलं, की काल दिपाली गेल्यावर पायांची तपासणी डॉक्टरांनी एकट्याने केली होती. देवकीने शीतपेटी उघडून पायांच्या नळ्या मोजल्या. चाळीस. सत्ताविसावीही होती.

"घाबरू नको वं," ती दिपालीला म्हणाली. "काहीच उडालं नाही."

मग ती मार्तंडांकडे वळली. "पाय इथे आहेत, म्हणजे पंखही तुटले होते. बिनपंखांचा डास उडेल कसा? आणि तो खोलीत फिरत असता तर तुम्ही असे उघड्या हातांनी बसला नसता. काल याच्या पायांत तुम्हाला विषाणू सापडला. पायांत पोचला म्हणजे लाळेतही असू शकतो, म्हणून धडाची आणि लाळेची अशा दोन नळ्या तुम्ही आज उचलल्या. पायांची नळी राहून गेली. दोन्ही बाहेर नेण्याआधीच दिपालीने मोजलं आणि दारं बंद झाली. नळ्या अजून तुमच्याकडेच आहेत."

मार्तंडांनी खिशातून दोन नळ्या काढून टेबलावर ठेवल्या.

"इथल्या डासांपासून धोका नाही, असं मी बैठकीत सांगून बसलो होतो," ते म्हणाले. "लोक निर्धास्त झाले होते."

"आणि ही पोरगी तीन तास मरणाच्या भीतीत होती," देवकी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. लाळेत विषाणू होता. त्याच दुपारी इतवारीच्या गल्ल्यांत फवारणी सुरू झाली. अहवालावर तपासणाऱ्याचं नाव होतं, दिपाली.