सकाळी सहाचं परागीकरण

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा गुडघ्यापर्यंत आमच्या अंगणात गेलेला होता. कुदळ, घाम, कानामागे पेन्सिल आणि चेहऱ्यावर कमालीची सभ्यता.

"कमळाचं टाकं इथेच हवंय ना?" त्याने विचारलं.

आम्ही टाकं मागवलंच नव्हतं. ते पलीकडच्या गल्लीतल्या हिरव्या फाटकाच्या घराने मागवलं होतं. फाटक आमचंही हिरवं. बेल वाजवून विचारायला त्याला लाज वाटली, म्हणून त्याने सरळ खणायला घेतलं. हे ऐकून मला तो आवडला. नक्की कशामुळे, ते... सांगता यायचं नाही. घाम असेल.

बाबा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना अंगण सपाट, चौकोनी आणि कायमचं गप्प हवं होतं; पेव्हर ब्लॉक ठरवायचेच बाकी होते. खड्डा पाहून त्यांनी आधी त्याची खोली मोजली, मग चिडले. मी मात्र दिवसभर बिनखिडकीच्या खोलीत लोकांच्या दाढांचे एक्स-रे काढते. घरी येऊन पुन्हा सिमेंट बघायची माझी तयारी नव्हती. म्हटलं, खणलंच आहे तर बाग करू. बाबांनी तीन महिने दिले आणि अट घातली.

"एक भोपळा दाखव. फुलं नकोत, फुलं काहीही सांगतात. मोजता येईल असं काहीतरी."

खड्डेवाले (घरात त्याचं हेच नाव पडलं) कामाला लागले. कागदावर त्याने आमचं अंगण असं काढलं की आपण इतके श्रीमंत कधी झालो, हे मला कळेना. कडेने पुदिना, भिंतीला गुलाब, मधोमध भोपळ्यासाठी बांबूचा मांडव आणि विटांची नागमोडी पायवाट. बाबांचं म्हणणं, फाटकापासून दारापर्यंत सरळ गेलं तर साडेसात मीटर पडतात. तो म्हणाला, वळणाने अकरा होतात, तेवढाच माणूस बागेत जास्त राहतो. हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वीट स्वतःच्या पायावर पाडली.

वेल मांडवावर चढली. पिवळीजर्द फुलं आली... आणि गळू लागली. इथे मधमाश्याच नाहीत, तो म्हणाला. नर फुलाचे पराग मादी फुलाला हाताने लावावे लागतील. फूल पहाटे उघडतं, तेव्हा सहाला यावं लागेल. रोज. हे सगळं त्याने कुंपणाकडे बघत सांगितलं.

मग तो रोज सहाला यायचा. मी केस नीट विंचरून, निव्वळ योगायोगाने, तिथेच असायचे. दवाने ओली पानं सारून तो ब्रश फिरवायचा, फूल दोऱ्याने अलगद बांधायचा. दोरा मी धरायचे. बोटांना बोटं लागायची — दोऱ्याचं काम नाजूक असतं.

"दाढांचं कसं चाललंय?" एकदा त्याने विचारलं.

"लोक तोंड तरी उघडतात."

यावर त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि आणखी एक फूल बांधलं.

वीस दिवस झाले, एक फळ धरेना. बाबा टेप घेऊन खिडकीत उभे राहायचे. मोजायला काही नाही म्हणून खिडकी मोजायचे. शेवटी त्यांनी ब्लॉक मागवले. दहा दिवसांनी गाडी येणार. म्हणजे बाग गेली, आणि सकाळचे सहाही गेले.

एकविसाव्या दिवशी तो तापाने आडवा झाला. मी एकटीच मांडवाखाली गेले आणि पहिल्यांदा फुलांकडे नीट पाहिलं. बरीचशी लांब, सरळ देठावर. एकाच्या खाली मात्र सुपारीएवढा हिरवा गोळा, भोपळ्याचं बाळच. म्हणजे ही मादी. आणि दोऱ्याने बांधलेली सगळी... लांब देठाची. त्या शिकलेल्या, अनुभवी माणसाने वीस दिवस नराचे पराग नरालाच लावले होते, आणि मी दोरा धरला होता.

मी ब्रश फिरवला. नराचे पराग मादीला लावले आणि दोरा स्वतःच बांधला.

दहाव्या दिवशी सकाळी गाडी दाराशी लागली. बाबा टेप घेऊन मांडवाखाली वाकले. उठले तेव्हा आवाज थेट खात्यातला होता.

"घेर एकोणपन्नास सेंटिमीटर."

ड्रायव्हरला त्यांनी ब्लॉक परत न्यायला सांगितलं. मग पुन्हा वाकून मोजलं, नुसतंच, आनंदासाठी. आईने दारातून ऐकवलं की मी झाले तेव्हाही त्यांनी मला इतक्यांदा पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात तो आला, तापातून नुकताच उठलेला, चेहरा उतरलेला. भोपळा दिसला आणि तो पायवाटेवरच थांबला.

"वीस दिवस नराला नर?" मी विचारलं. "तुम्ही बागा आखता ना?"

त्याचे कान लाल झाले. "मला फरक कळतो... शाळेपासून कळतो. पण लक्ष फुलांकडे नव्हतं."

"मग?"

"तुझ्याकडे होतं." त्याने एवढंच म्हटलं, आणि या वेळी कुंपणाकडे पाहिलं नाही.

"माझंही फुलांकडे नव्हतं," मी म्हटलं. "नाहीतर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

आणि भर सकाळी, बाबांसमोर, आईसमोर, अडीच टन पेव्हर ब्लॉकसमोर मी त्याचा हात धरला. गाडी मागे घेता घेता ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.