रिकामी नाही

दिवा राहू दे, पण तो मोबाइल उलटा ठेव. मधेच वाजला तर मी उठून झोपायला जाईन, आधीच सांगतो. आणि धाकटे, तू उगाच हसू नकोस. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा मेहुणा, तुमच्या काकूचा भाऊ. उद्या त्याला विचारा हवं तर.

त्याची पर्यटकांची गाडी आहे. शहरातली माणसं भरायची, डोंगरावरच्या वस्त्या दाखवायच्या, रात्री हॉटेलवर सोडायची. त्या वस्त्यांची बोली वेगळी, कपडे वेगळे, सण वेगळे. ह्याला सगळं तोंडपाठ. जिभेला हाड नाही, त्यामुळे पर्यटक खूश.

मागच्या वर्षीचा शनिवार, दुसऱ्या दिवशी अमावास्या. बांबूच्या टोपल्या विणणाऱ्यांच्या वस्तीत सण होता. वर्षभरात घरातलं जे माणूस गेलं असेल त्याच्यासाठी टोपली विणायची, रात्रभर दारात ठेवायची, पहाटे नदीत सोडायची. एवढं तो माइकवर सांगायचासुद्धा. टोपली रात्रभर दारात कशासाठी, हे मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं.

एका दारात म्हातारी बसली होती. पुढ्यात छोटीशी टोपली, लाल काठाची. पर्यटकांतल्या एका बाईंना ती फार आवडली.

"आजी, ही द्याल का?" मेहुण्याने विचारलं.

"ही रिकामी नाही," म्हातारी म्हणाली.

ह्याला वाटलं, विकायची नाही असं म्हणायचंय, आपली भाषा कच्ची आहे बिचारीची. आणि मग ह्याला विनोद सुचला. उचलली टोपली, सगळ्यांसमोर पालथी केली, पिठाचा डबा झटकावा तशा बुडावर दोन थापा मारल्या. "बघा मंडळी, रिकामीच आहे की!"

सगळे हसले. कोणीतरी फोटोही काढला. म्हातारी खाली वाकली आणि दोन्ही हातांनी जमीन चाचपायला लागली.

निघताना शेजारचा विणकर गाडीच्या खिडकीशी आला. "नात होती तिची. सात वर्षांची. उन्हाळ्यात तापाने गेली. आज आली होती."

तेव्हाच उतरून म्हातारीचे पाय धरायला हवे होते, असं तो अजून म्हणतो. पण मागून कोणीतरी ओरडलं, चला हो, पोटात कावळे ओरडतायत. आणि ह्याने गाडी काढली.

माणसं हॉटेलवर सोडली. एकटाच घरी निघाला. रस्ता पायाखालचा. रात्रीचे दोन झाले असतील.

मागच्या खिडकीच्या पडद्याची कडी सरकली.

वारा असेल. पण काच बंद होती.

परत सरकली.

"कोण आहे?"

...

गाडी थांबवली. आतला दिवा लावला. मागे कोणी नाही. पडदा हलत होता. हळू. खालून... कोणीतरी लहान हाताने ओढावा तसा.

"घाबरलास?" मी नंतर त्याला विचारलं.

"भाऊजी, भीती मागून आली. आधी लाज वाटली. एवढंसं पोर एका रात्रीपुरतं आजीकडे आलं, आणि मी त्याला उचलून आणलं."

गाडी तिथेच वळवली त्याने.

पोचला तेव्हा उजाडायला आलं होतं. लोक टोपल्या घेऊन नदीकडे उतरत होते. म्हातारी रस्त्याच्या कडेला बसलेली. टोपली पुढ्यात. तोंड रस्त्याकडे.

मेहुण्याने मागचं दार उघडलं.

"उतर, बाळा. चुकलो मी."

...

म्हातारी थांबली. मग दोन्ही हातांनी टोपली उचलली. तोलली. खाली ठेवली. परत उचलली.

"रिकामी," ती म्हणाली.

सगळ्यांच्या टोपल्या नदीत गेल्या. हिची राहिली.

उजेड झाल्यावर त्यांना पडदा दिसला. खालच्या झालरीचे दोरे एकमेकांत विणलेले. गोल, नाण्याएवढं. म्हातारीने त्यावरून बोट फिरवलं. "बूड तिचंच. एवढंच शिकली होती. बाजू चढवायला मी शिकवणार होते."

तेव्हापासून दर शनिवारी हा गाडीत कोणालाही न घेता वर जातो. दार उघडून उभा राहतो. म्हातारी टोपली उचलते, ठेवते, मान हलवते. त्याला एका शब्दाने बोलत नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर रात्री झोप तरी लागली असती, म्हणतो.

गेल्या शनिवारी मात्र म्हातारीने पडदा हातात धरला, तो सोडेचना.

बाजू चढली होती. दोन बोटं. घट्ट, सरळ, हात बसलेल्या माणसाची वीण.

म्हातारीने गाडीच्या आत बघितलं. मग ह्याच्याकडे. त्या पहाटेनंतर पहिल्यांदाच बोलली.

"हे तिला कोणी शिकवलं?"