पिवळं कंकण

चैत्रातल्या हळदीकुंकवाला हल्ली बायका साडीच्या आधी मनगट बघतात. आरोग्य केंद्राने वाटलेलं शर्करा-कंकण प्रत्येकीच्या हातात असतं. सुई नाही, रक्ताचा थेंब नाही. कातडीतून उजेड सोडून ते तांबड्या पेशींना चिकटलेली साखर वाचतं, साधारण तीन महिन्यांची सरासरी काढतं आणि रंग दाखवतं. हिरवा, पिवळा किंवा लाल.

वैदेही घरची यजमानीण. हळद लावताना तिचं स्वतःचं पिवळं कंकण पदराआड होतं. धाकट्या जावेने, केतकीने, हात पुढे केला. हिरवागार!

सोमवार नाही, गुरुवार नाही, साधी संकष्टी नाही, आणि हिचं हिरवं? वैदेहीचा तिळपापड झाला.

बायका गेल्यावर तिने केतकीला स्वयंपाकघरात गाठलं. "काढ गं ते. बघू."

"अदलाबदल झालीय असं वाटतंय का, वहिनी?"

"केंद्रात कुणाचं कुणालाही देतात."

केतकीने आपलं काढून दिलं आणि वैदेहीचं स्वतःच्या हातात चढवलं. वैदेहीच्या हातात ते क्षणभर विझलं आणि पिवळं उजळलं. वैदेहीचं केतकीच्या हातात हिरवं झालं.

केतकी हसली नाही. "पिवळं म्हणजे अजून मधुमेह नव्हे. उंबरठा आहे, इथून मागे फिरता येतं. माझ्या आईला हे कुणी वेळेवर सांगितलंच नाही. तिचे डोळे गेले."

"अगं, पण मी आठवड्यात दोन दोन दिवस उपाशी असते!"

"उपाशी? ताटभर साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर शिकरण. साखरच की ती सगळी! देवाने उपास सांगितला, खिचडी कुठे सांगितली?"

"आता तू मला उपास शिकव!"

"मी कसली शिकवतेय? मी तर एकादशीलाही भाकरी खाणारी. फक्त उद्याच्या गुरुवारी ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे घ्या, आणि संध्याकाळी माझ्याबरोबर टेकडीवर चला. तीन महिन्यांनी बघू."

केतकी गेली. वैदेहीने भिजवायला काढलेला साबुदाणा पुन्हा डब्यात ओतला. देव ताकावरही राजी होईल, याची तिला शंका नव्हती. पण केतकीच्या सांगण्याने हिरवं झालेलं कंकण आपल्याला बघवेल का? आणि इतकी वर्षं सोसलेली भूक खरंच देवासाठी होती, की या पोरीहून वरचढ दिसण्यासाठी?