गोण्यांचा पडदा

लाइट गेलीच आहे तर बसा पोरींनो. ही गोष्ट माझ्या सख्ख्या भावाची, भुजंगाची आहे. ऐकीव न्हाई. मधी कुणी बोलायचं न्हाई. भ्या वाटलं तर उठून जा.

शहाण्णव साल. भाऊबीजेला मी माहेरी गेल्ते, टेंभुर्णीच्या पल्याड. निम्मं शेत धरणात गेल्यापासून भुजंग मासे धरायचा. थर्माकोलचा तराफा, माणूसभर लांब. त्यावर त्यानं एक अक्कल लढवली. युरियाच्या चार गोण्या उसवल्या, बायकोकडून, साळूबाईकडून, एकात एक शिवून घेतल्या आन बांबूला बांधल्या. वारा भरला की तराफा पळायचा. काम झालं की पडदा गुंडाळून खांद्यावर घरी. लोक हसायचे.

"भुजंग्या, साळूबाईचं लुगडं वाळत घातलं का रे?"

"तुमी वल्हवा," तो म्हणायचा, "मी बिडी वढतो."

पण वारा जिकडं, पडदा तिकडंच नेणार. सांजच्याला वारा पलीकडच्या काठाकडं असायचा. जाताना पाव घंटा. येताना पडदा गुंडाळून घंटाभर वल्हवायचं.

पलीकडं एकच घर होतं, झुंबरबाईचं. लेक अंकुशनगरला ऊसतोडीला गेल्ता, घरात सून शिवकन्या, भुजंग तिला वैनी म्हणायचा. त्यांचा रस्ता पाण्याखाली. काही नड आली की झुंबरबाई काठावर कंदील हलवायची आन भुजंग जायचा. ठरलेलंच होतं ते.

भाऊबीजेच्या रात्री साडेआठला म्या पाट मांडला, ताट लावलं. भुजंग बसला आन दारातून कंदील दिसला. हलत होता. जोरात.

"आक्का, झुंबरबाई बोलावून राह्यली. शिवकन्येचे दिवस भरलेत."

म्या म्हणले, "ओवाळल्याबिगर पाटावरून उठायचं न्हाई. तीन येष्ट्या बदलून आले मी. बस."

तो बसला. ओवाळलं. मंग म्या वाढलं. मंग आणखी वाढलं. हात धुवून तो दारात गेला तवा कंदील न्हवता.

"थांबलं असंल दुखायचं," म्या म्हणले. "येताना वारा उलटा, हात मोडतील. सकाळी जा."

सकाळी बाळ-बाळंतीण दोघंबी गेल्ते.

झुंबरबाईनं भुजंगाला एवढंच विचारलं, "कंदील दिसला न्हाई का रे लेकरा?"

त्यानं तोंड उघडायच्या आधी म्या बोलले. "न्हाई दिसला, मावशी. धुकं होतं."

धुकं न्हवतं.

महिन्यात ते घर मोडलं. झुंबरबाई लेकाकडं गेली. भुजंग कुणाच्या चेष्टेला उत्तर द्यायचा बंद झाला.

सत्त्याण्णवची भाऊबीज. तीच येळ, साडेआठ. म्या पाट मांडला. भुजंग आला, पण बसला न्हाई. दाराकडं बघून राह्यला.

"आक्का, कंदील."

म्या बघितलं. पलीकडं काळं. काईच न्हाई.

"भुजंगा, तिथं कुणी ऱ्हात न्हाई आता."

"ठावं हाय." त्यानं बांबू खांद्यावर घेतला.

या खेपेला म्या अडवलं न्हाई. ताटातला दिवा घेऊन काठापर्यंत मागं गेले. वारा बिलकुल न्हवता. वात सरळ उभी. त्यानं पडदा लावला. गोण्या लोंबत होत्या.

मंग भरल्या.

फटकन आवाज आला. तराफा निघाला. माझ्या हातातली वात... हलली न्हाई.

पुढचं त्यानं मला सांगितलं ते असं. तराफा पलीकडं टेकला. काठावर कुणी न्हाई. मंग मागची बाजू खाली गेली. कुणी बसल्यावानी. त्यानं वळून बघितलं न्हाई. पडदा गुंडाळला. वल्हं मारलं. तराफा जड. लई जड.

अर्ध्या पाण्यात तो बोलला.

"वैनी... कंदील दिसला होता."

काही न्हाई.

"दिसला होता. म्या जेवत बसलो."

वल्हं मारत राह्यला.

माझं नाव त्यानं घेतलं न्हाई.

इकडं तो काठाला लागला तवा तराफा म्याच धरला. मागची बाजू वर आली. हळूच. पाणी वाजलं न्हाई. माझ्या शेजारून कुणी गेलं न्हाई.

भुजंग समोरच बघत होता. "आक्का... उतरली का?"

म्या तराफा काठावर वढला.

उजाडल्यावर मी एकटी काठावर गेले. थर्माकोल एकदा दबला की परत वर येत न्हाई. भुजंगाच्या जागी त्याचा जुना खळगा होता. मागं एक नवा. बाई मांडी घालून बसल्यावर पडावा तसा.

आन त्याला लागून आणखी एक. हातभर लांब. वीतभर रुंद. अगदी उथळ.