इर्जिकीच्या पोळ्या आणि पूर्णेचे साहेब

"गाडी ढकलू नका... अजून रुतेल."

मी बांधावरून सांगितलं तेव्हा तो माणूस मोटारसायकलचं हँडल धरून घामाघूम झाला होता. श्रावणातली भुरभुर चालू होती. झरीहून आमच्या वस्तीकडं येणाऱ्या त्या वाटेला रस्ता म्हणायची आमची नुसती पद्धत आहे, एरवी ती मळून ठेवलेली कणीकच. काळ्या मातीचा लगदा त्याच्या मडगार्डात असा काही बसला होता की चाक जागचं हलत नव्हतं.

"मग काय करू?"

"खाली बसा. एखादी काडी घ्या अन् माती उकरा."

"पण पँट..."

"पँट गेलीच की. आता गाडी वाचवा."

त्यानं स्वतःच्या पायांकडं पाहिलं, चष्म्यावरचं पाणी पुसायला गेला आणि चष्म्यालाही चिखल लावून बसला. मग हसला... स्वतःवरच. खरं सांगते, मला तो तिथंच आवडला. स्वतःवर हसणारा पुरुष आमच्या भागात फार पिकत नाही.

मीही खाली उतरले. एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं मी, अशी आम्ही माती उकरत बसलो.

"तुम्ही या पावसात इथं काय करायलाय?" त्यानं विचारलं.

मी हातातली पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी दाखवली. गवंडी लोक पातळी बघायला वापरतात ती. तिचं दुसरं टोक धरून आमच्या गटातली अपेक्षा लांब उभी होती आणि विनाकारण खिदळत होती.

"रस्त्याची उंची मोजायलोय आमी. पाणी कुठं तुंबतंय ते बघायलोय. अन् तुम्ही?"

तो जरा घुटमळला. "मी... रस्ता तपासायला आलोय. परभणीहून. युवक सेवा योजनेचा तपासणी अधिकारी."

माझ्या हातातली काडी तशीच राहिली. पण जीभ काही राहिली नाही. "मग झाली की तपासणी. शेरा काय लिहिणार?"

त्यानं बोटांवरच्या चिखलाकडं पाहिलं. "चिकट," तो म्हणाला.

त्याचं नाव धम्मानंद. आणि त्याच्या शेऱ्यावर माझं सगळं काही अडलेलं होतं.

योजना अशी होती : गावातल्या तरुण मुला-मुलींनी गावाचं एखादं काम सेवा म्हणून हाती घ्यायचं, आणि ते करता करता त्यातून शिकायचं. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. पावसाळा लागला की वस्तीतल्या मुलींची शाळा बुडायची. गुडघाभर चिखलातून जाणार कसं? काहींची तर बुडता बुडता कायमचीच सुटली. म्हणून मी पोरांचा गट जमवला आणि रस्ताच मागितला. पहिल्या हप्त्यात शाळेपासून ओढ्यापर्यंत मुरूम पडला. ओढ्यापासून वस्तीपर्यंतचा तुकडा दुसऱ्या हप्त्यावर होता. त्याला नियम दोन. मुलं काय शिकली ते दिसलं पाहिजे, आणि गावानं आपला वाटा श्रमाच्या रूपात, कसलाही मोबदला न घेता दिलेला असला पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तर अनुदान बंद, आणि त्याच कामासाठी गावाला पुन्हा मागता येत नाही. हा शेवटचा नियम मला तोंडपाठ होता. भीतीनं झाला होता.

वस्तीत आल्यावर आईनं चहा पुढं केला. माझी आई सरजाबाई. तिच्या चहाला कुणी नाही म्हणत नाही. धम्मानंद म्हणाला, "नको, मावशी."

आईचा हात थांबला. "का? आमच्या घरचा चालत न्हाई का?"

तिनं हे अगदी शांतपणे विचारलं. पण या प्रश्नामागं किती घरांचे उंबरे आहेत ते मला माहीत होतं. त्यालाही माहीत असावं, कारण तो ताडकन उभा राहिला.

"जय भीम, मावशी. तसं नाही हो. मी पूर्णेचा, वडील रेल्वेत होते. विहाराला लागूनच घर हाय आमचं. पण ज्यांची तपासणी करायची त्यांच्याकडं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा नियम हाय."

आईचा चेहरा सैल झाला. "आपलंच लेकरू हाय म्हणा की. मग तर घ्यायलाच पायजे."

"आपलंच हाय म्हणून तर घेता येत नाही," तो म्हणाला आणि स्वतःच्या बाटलीतलं कोमट पाणी प्यायला. आईला तो लय आवडला. मला आधीच आवडला होता, पण तिला कशाला सांगा.

विहारासमोरच्या पत्र्याखाली त्यानं मुलांना विचारलं, सेवा केलीत, पण शिकलात काय? अपेक्षा म्हणाली, "आमची वस्ती ओढ्यापेक्षा खोल हाय, हे नळीनं मोजल्यावर कळालं. आदी वाटायचं पानी मुद्दाम आमच्याच दारात यायलंय." तो बराच वेळ काही लिहायचंच विसरला. मग माझ्याकडं वळला.

"आणि तुम्ही? तुम्ही काय शिकलात?"

"मी? चाकातली माती काढायला."

"ते तुम्हाला आधीपासूनच येत होतं."

"मग... साहेब लोकांनाही हसता येतं, हे."

त्यानं पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता म्हणून बरं झालं. नाहीतर माझं काळीज पोरांना ऐकू गेलं असतं.

तपासणीला एक फेरी पुरते, हे मला फार नंतर कळलं. तो मात्र येतच राहिला. कधी ओढ्याचा उतार पाहायचा राहिला म्हणून, कधी फोटो नीट आला नाही म्हणून. फोनही यायचे. आधी 'फोटोत तारीख दिसत नाही' असे, नंतर 'इकडं पूर्णेला पाऊस आहे... तिकडं?' असे. मी उत्तराला मुद्दाम उशीर करायची. पण फोन काही हातातून सुटायचा नाही.

आणि मग तो गावकऱ्यांना भेटायला आला.

मुरूम पसरायचं काम उन्हाळ्यात आम्ही इर्जिकीनं केलं होतं. ज्याचं काम असेल त्याच्याकडं सगळ्यांनी एक दिवस आपापली अवजारं घेऊन जायचं, मजुरी घ्यायची नाही आणि शेवटी एकत्र जेवायचं, ही आमच्याकडची जुनी चाल. त्या दिवशी आमच्या दारात चुली मांडल्या होत्या. पुरणाच्या पोळ्या होत्या आणि येसराची आमटी.

धम्मानंदनं वस्तीतल्या सगळ्यात वयस्कर सितारामबाबांना विचारलं, "बाबा, या कामाचं तुम्हाला काही मिळालं का?"

आता, ज्या दारात जेवलो त्या दाराची मालकीण समोर उभी असताना 'काही मिळालं न्हाई' म्हणायचं? आमच्याकडं ती शिवी झाली असती. सितारामबाबांनी आईकडं पाहिलं आणि छाती फुगवून म्हणाले, "मिळालं की. लय मिळालं. पोळ्या म्हनू नका, तूप म्हनू नका... पोट फुटंस्तोवर."

मी मान हलवून नको नको म्हणत होते. बाबांना वाटलं, कमीच बोललो. "वरून टावेल-टोपी बी दिली," त्यांनी ठोकून दिलं.

मग एकेक जण आईचा मान वाढवत गेला. शेवटच्या माणसानं तर बोलण्याबोलण्यात आहेराचं धोतरही नेसून घेतलं. आई कौतुकानं लाजत होती आणि माझ्या पायाखालची जमीन सरकत होती.

धम्मानंदनं वही मिटली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सुकेशनी, हे मला खोडता येणार नाही."

"ते मोठेपणा करायलेत हो. पुन्हा विचारा ना."

"तुमच्या सांगण्यावरून पुन्हा विचारलं, तर पढवून घेतलं असं होईल. आणि मी... मी इथं किती वेळा आलोय ते सगळ्यांनी पाहिलंय. लोक म्हणतील, आपल्याच माणसांना पास केलं."

"लोकांचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?"

तो काहीतरी बोलणार होता... ओठ हललेही. पण गाडी सुरू करून निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला : 'तुमचं प्रकरण आता आमच्या वरिष्ठ निवेदिता मॅडमकडे आहे. सुनावणीची तारीख कार्यालय कळवेल. निकाल लागेपर्यंत मला फोन करू नये.'

करू नये. एवढ्या फोनांनंतर 'करू नये'. मी रडले. रस्त्यासाठी रडतेय की त्याच्यासाठी, ते मला कळेना, आणि त्याचा राग येऊन आणखी रडले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी शेजारच्या सत्यशीलाकाकू दारात आल्या. "सरजा, इर्जिकीला नेलेली माझी परात तुझ्याकडंच राह्यली की गं. डाळ दिल्ती त्यातून."

आई परात शोधायला आत गेली. मी मात्र काकूंकडं बघतच राहिले. डाळ काकूंची. गूळ किशनरावांकडचा. गहू तर घरटी पायलीनं गोळा केला होता, मीच फिरले होते. चुली आमच्या दारात पेटल्या म्हणून जेवण आमचं, असं सगळ्यांनी धरलं होतं. सगळ्यांनी म्हणजे मीसुद्धा. बी.एस्सी. होऊन.

दुसऱ्या दिवशी मी परभणीला निघाले. आपल्यामुळं घोटाळा झाला हे कळल्यापासून सितारामबाबांना अन्न गोड लागत नव्हतं. धुतलेला सदरा घालून तेही बसमध्ये चढले.

निवेदिता मॅडम पन्नाशीच्या, आवाजानं कडक. "जेवण दिल्याचं तुम्हीच सांगितलंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे मोबदला झाला."

"मॅडम, एकच विनंती आहे. ते जेवण कुणी दिलं, ते बाबांना विचारा."

त्यांनी बाबांकडं पाहिलं.

"कुनी म्हंजी?" बाबा बुचकळ्यात पडले. "गहू समद्यांचे. माजे बी व्हते. डाळ सत्यशीलाची. तूप थोडं किशनरावाचं, थोडं आमचं."

"म्हणजे तुम्ही तुमचंच जेवलात?"

"व्हय. पर बसलाव सरजाबाईच्या दारात. मग तिचं नाव घ्यायचं का न्हाई?"

"आणि टॉवेल-टोपी?"

बाबांनी मान खाली घातली. "ती जावयानं दिल्ती, दिवाळीत. बोलायच्या भरात निघून गेलं, बाई."

मॅडमनी चष्मा काढला. हसू दाबायचा प्रयत्न करून पाहिला, जमला नाही. मग बाकीच्यांचे जबाब घ्यायला त्यांनी तिथूनच झरीला फोन लावला. धोतराचा आहेरही विरघळला. स्वतःच्या धान्याचं जेवण हा मोबदला होत नाही, असं त्यांनी निकालात लिहिलं, मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि खाली सही केली.

"रस्ता पूर्ण करा," त्या म्हणाल्या. "पुढच्या पावसाळ्यात मी साध्या चपला घालून तुमच्या वस्तीवर येणार आहे."

मला धन्यवादसुद्धा नीट म्हणता आलं नाही. कितीतरी दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला होता. बाहेर व्हरांड्यात आले, भिंतीला टेकले आणि ऊरभर श्वास घेतला. बाबा बसची चौकशी करायला फाटकाकडं गेले.

आणि जिन्याशी तो उभा होता. जरा वाळलेला. दाढी वाढलेली.

"झालं?"

"झालं," मी म्हणाले. "तुमच्या मदतीशिवाय झालं."

"मला मदत करता येत नव्हती."

"निदान फाईल तरी सोडायची नव्हती, साहेब. अडचण आली की दुसऱ्याच्या गळ्यात टाकायची, ही कुठली रीत?"

पाऊस पुन्हा सुरू झाला होता. तो पावसाकडंच बघत बोलला. "अहवालावर सही करण्याआधी आम्हाला सांगावं लागतं, की या लोकांशी आपलं काही नातं नाही, व्यवहार नाही, मैत्री नाही. पहिल्यांदा आलो तेव्हा मी तसं सांगितलं. खरंच होतं. या वेळी... सांगता आलं नाही. मंजूर केलं असतं तरी खोटं, नामंजूर केलं असतं तरी खोटंच. म्हणून मॅडमकडं गेलो. म्हटलं, हे काम माझ्याकडून काढून घ्या."

"त्यांनी कारण विचारलं नाही?"

"विचारलं ना. नातं आहे का? नाही म्हटलं. व्यवहार? नाही. मैत्री?... म्हटलं, मॅडम, त्याच्या पुढचं आहे. पण सध्या एकतर्फी आहे."

पागोळ्या पडत होत्या आणि आतल्या खोलीत कुणीतरी उगाच खुर्ची सरकवत होतं.

"त्यांनी बजावलं, निकाल लागेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही," तो म्हणाला. "म्हणून 'फोन करू नये' लिहिलं. लिहिल्यावर स्वतःचाच फोन बघत बसायचो."

"मी तुमच्यावर किती चिडले होते, माहितेय?"

"माहितेय."

"रडले पण."

"रस्त्यासाठी..."

"रस्त्यासाठी माणूस असा रडतो का हो? परक्यावर एवढं चिडतो का?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. जपून वागणारा माणूस तो, त्याला अर्ध्या बोलण्यावर विश्वास ठेवता येईना. "म्हणजे... कसं? नीट सांगाल?"

"म्हणजे एकतर्फी नाही," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून नाही, धम्मानंद."

तो तिथंच जिन्याच्या पायरीवर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि इतका लांब श्वास सोडला की मला हसूच आलं. "थांबा जरा," तो बोटांआडून म्हणाला. मी शेजारी बसले. त्याचा हात थंडगार होता. मी धरला, त्यानं सोडवला नाही.

फाटकाकडून सितारामबाबा भिजत आले. त्यांनी आम्हा दोघांना पाहिलं, धरलेल्या हातांकडं पाहिलं आणि मग छताकडं पाहिलं.

"पोरी, झरीची बस लागलीय. चलायचं न्हवं?"

"तुमी व्हा पुढं, बाबा," मी म्हणाले. "मी मागच्या बसनं येते."