बर्फाखालून ऐकलेलं

रोरीची आणि माझी ओळख त्याच्या कुत्र्यानं करून दिली. ऑगस्टमधली, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातली सकाळ, बाहेर बारीक बर्फ भुरभुरत होता, आणि मी दुकानात भाड्याचे स्की-बूट मांडत होते. तेवढ्यात एक काळं-पांढरं कुत्रं आत शिरलं, एका बुटाचं अस्तर ओढून काउंटरखाली जाऊन बसलं. त्याच्यामागे लाल जॅकेटमधला एक उंच तरुण.

"मॉस! सोड ते! माफ करा हं... एरवी शहाणा आहे तो."

"एरवी म्हणजे झोपल्यावर?"

तो हसला. डाव्या गालावर खळी पडली, आणि मी रागवायचं विसरले.

रोरी खाली दक्षिणेकडच्या साउथलँडचा, मेंढ्यांच्या गावचा. आमच्या डोंगरावरच्या बचाव पथकात उमेदवारी करत होता. त्यानंतर मॉसला रोज या ना त्या कारणानं माझ्या दुकानात यावंसं वाटू लागलं. रोरी बिचारा नाइलाजानं मागून यायचा.

आमच्याकडे मुलं मुलींना स्की-लिफ्टनं डोंगरावर नेतात आणि खिमा भरलेले गरम मिन्स पाय खाऊ घालतात. रोरीनं बराच वेळ हातमोजे चाळवले. मग म्हणाला, "टेसा... शनिवारी तुला बर्फात पुरलं तर चालेल?"

"इतक्यात? अजून नीट ओळखही नाही आपली."

"तसं नाही गं... परीक्षा आहे."

गाडलेला माणूस मॉसनं वासावरून वीस मिनिटांत शोधायचा. जमलं तर दोघांना कायमची नोकरी. नाहीतर रोरी परत मेंढ्यांकडे. पुरून घेणारा माणूस ऐनवेळी तापानं आडवा झाला होता.

"आणि मॉसला नाहीच सापडले तर?"

"परीक्षकांना जागा ठाऊक असते. तुला काढतील. मला मात्र..." पुढचं त्यानं मोज्यात गुंडाळून ठेवलं.

मी हो म्हटलं. माणूस प्रेमात पडला की कसल्याही खड्ड्यात उतरतो. मला निदान खाली बसायला सतरंजी मिळणार होती.

शनिवारी ग्वेनबाईंनी मला खड्ड्यात बसवलं. परीक्षा घ्यायला त्या दर हिवाळ्यात येतात आणि त्यांचा चेहरा उन्हाळ्यातही वितळत नाही. हातात रेडिओ देऊन म्हणाल्या, "मी विचारलं की बटण दोनदा दाब. बोलायचं नाही." मग खड्ड्याच्या तोंडावर बर्फाच्या लाद्या लावल्या. उजेड निळा झाला... मग राखाडी... मग नाहीच.

बर्फाची एक खोड आमच्या शाळकरी पोरांनाही माहीत असते: वरचं बोलणं खाली पोचतं, खालचं वर पोचत नाही.

"शोध, मॉस, शोध!" रोरीचा आवाज. पावलं करकरली. मॉसचा धपापता श्वास अगदी डोक्यावर आला — आणि पुढे निघून गेला. वारा फिरला होता.

"टेसा, ठीक?" रेडिओ खरखरला. मी दोनदा बटण दाबलं. दिवा मिणमिणला आणि विझला. पुन्हा दाबलं. काही नाही.

"काय झालं?" वर रोरी विचारत होता.

"उत्तर नाही," ग्वेनबाई म्हणाल्या. "रेडिओ गारठला असेल बहुधा. हवा भरपूर आहे तिला. शोध चालू ठेव."

"बहुधा?"

"परीक्षा थांबवलीस तर नापास. पुन्हा पुढच्या हिवाळ्यात. तू ठरव."

मी जीव खाऊन ओरडले, "रोरी! मी ठीक आहे! थांबवू नकोस, मूर्खा!" बर्फानं सगळं गिळून टाकलं. वर त्याची पावलं थबकली.

"थांबवा," तो म्हणाला.

"नीट विचार कर—"

"चुलीत गेली परीक्षा! जागा सांगा, ग्वेन. माझं प्रेम आहे तिच्यावर... अजून तिला सांगितलंसुद्धा नाही मी... जागा सांगा!"

माझ्या डोळ्यांतलं पाणी पापणीवरच गोठलं. एका दमात तो माझा झाला होता आणि त्याची नोकरी गेली होती, आणि माझं हूं की चूं वर पोचत नव्हतं.

तोच डोक्यावर खरखर ऐकू आली. फावड्याची नव्हे, नखांची. परीक्षा संपल्याचं मॉसला कुणी कळवलं नव्हतं. बर्फ तोंडावर कोसळला, मग ओलं नाक, मग जीभ. मागून रोरी दोन्ही हातांनी कुत्र्यासारखाच उकरत आला.

ग्वेनबाईंनी घड्याळ पाहिलं. "कुत्रा पास. माणूस नापास."

"पण वेळेत सापडले की मी!"

"कुत्र्यानं शोधलं. यानं सोडून दिलं." त्या रोरीकडे वळल्या. "धीर शिकून ये." आणि त्या उतरणीला लागल्या.

रोरी बर्फात गुडघ्यांवर बसून होता. "सोमवारी निघावं लागेल."

"मेंढ्या वाट बघत असतील."

"टेसा... आत काही ऐकू आलं का तुला?"

"बरंच."

त्याचे कान जॅकेटच्या रंगाचे झाले.

"पुन्हा म्हण," मी म्हटलं.

"आत्ता? इथं?"

"मघाशी मला उत्तर देता येत नव्हतं."

त्यानं माझ्या भुवईवरचा बर्फ अंगठ्यानं पुसला आणि अगदी हळू, अडखळत, पुन्हा म्हटलं.

मी उत्तर दिलं. ग्वेनबाई पार उतरणीच्या तळाशी थबकल्या, वळून पाहू लागल्या. इतक्या मोठ्यानं द्यायची गरज नव्हती, असं त्यांचं मत दिसलं.